पाणी कुठपर्यंत आलंय?

केसपेपरवर नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर लिहून झाला की पुढचा रकाना येतो वैवाहिक स्थितीचा. विवाहित, अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित, विभक्त. नाशकातल्या एका मानसोपचाराच्या दवाखान्यात मी गेली अकरा वर्षं काउंटरला बसते आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा हा प्रश्न विचारते. वय सांगताना माणसं एखादं वर्ष इकडेतिकडे करतात, पण अडखळत नाहीत. इथे अडखळतात. मागे एक बाई आली होती. दहा वर्षं माहेरी राहते, नवऱ्याचा साधा फोनही नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या भावाकडे, आणि म्हणाली, "लिहा ना, विवाहितच." मी लिहिलं. आणखी एकीने माझ्या हातातलं पेन घेऊन 'विधवा' हा शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात 'एकटी' लिहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मला तो खोडलेला शब्द आठवला होता. माणूस जातो ते दुःख वेगळं, आणि नंतर कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला चार जण पुढे येतात तो घाव वेगळा. (कुणाची ओळख पटेल असं काही मी इथे लिहिणार नाही. तपशील बदललेत.)

आमच्या डॉक्टर मॅडमना मी एकदा विचारलं, "या रकान्यावरून तुम्हाला काय कळतं?" त्या म्हणाल्या, "घरात कोण कोण आहे ते कळतं. घरात बोलायला कोण आहे, ते विचारावं लागतं." आत गेल्यावर त्यांचा दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला असतो: मनात काही आलं तर सगळ्यात आधी कुणाला सांगता? भरल्या घरातली माणसं या प्रश्नाला गप्प होतात. आणि कधी कधी एकटं राहणारं माणूस पटकन एक नाव घेतं.

मॅडम मला वाचायला देत असतात, त्यातून थोडं थोडं कळत गेलं. लग्न आणि मनाची प्रकृती यांचा संबंध शोधायला सुरुवात फार आधी झाली. फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमने १८९७ साली आत्महत्यांचे सरकारी आकडे मांडून दाखवलं की एकट्या माणसांपेक्षा लग्न झालेल्यांत आत्महत्या कमी आहेत. पण त्याच आकड्यांत हेही दिसत होतं की लग्नाचा आधार पुरुषाला जेवढा मिळतो तेवढा बाईला मिळत नाही. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी हे दुसरं वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं लागू आहे. २०१६ साली जगभरात ज्या बायकांनी आत्महत्या केल्या त्यांतल्या जवळजवळ ३७ टक्के भारतातल्या होत्या, आणि आपल्याकडच्या या बायकांत विवाहित सगळ्यात जास्त. लहान वयात ठरवून दिलेलं लग्न, लगेच मूल, हातात पैसा नाही, घरात मारहाण, अशी कारणं अभ्यासक देतात. 'लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल' हा सल्ला मी आमच्या बाकड्यांवर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून आजही ऐकते, तेव्हा मला ते ३७ टक्के दिसतात. काउंटरच्या काचेवर मी १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय. सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. काही जण फोनवर काहीतरी पाहिल्यासारखं करत तो नंबर टिपून घेतात.

पण मला हे सगळं आकड्यांतून कळलं नाही. आमच्याच घरातून कळलं.

आत्या आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सख्खे बहीणभाऊ. आत्या चार वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नाही. जुन्या नाशकात वाड्यातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहते, शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. घरात तिचा विषय निघाला की पहिला शब्द 'बिचारी'. दर शनिवारी ती टाकळीला जाते, समर्थांनी जिथे बारा वर्षं तप केलं त्या मठात. बोहल्यावर 'सावधान' ऐकलं आणि समर्थ तिथून निघाले, ही आख्यायिका आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. आत्या म्हणते, "पळून आले, एवढंच सगळे सांगतात. आल्यावर बारा वर्षं स्वतःच्या मनाशी बोलले, ते कुणी सांगत नाही."

तिच्याकडे गेलं की ती विचारायची, "काय झालं?" आपण म्हणायचं, "काही नाही." मराठी घरांत या प्रश्नाचं हे ठरलेलं उत्तर आहे, आणि बहुतेक घरांत बोलणं तिथेच संपतं. आत्या संपवायची नाही. ती मटार सोलत राहायची. शेंगेची शीर काढायची, अंगठ्याने दाणे ताटात पाडायची, टरफलं एका बाजूला. मलाही चार शेंगा पुढे सरकवायची. आठ-दहा शेंगा झाल्या की वर न बघता म्हणायची, "राग आलाय, की वाईट वाटलंय?" मी ठणकावून सांगायचे, राग आलाय. मग आणखी थोड्या शेंगा. आणि मग माझ्याच लक्षात यायचं, वाईट वाटलंय. कधी कधी ते वाईट वाटणंही नसायचं, ओशाळलेपण असायचं, कुणासमोर तरी कमी पडल्याचं. तो नेमका शब्द सापडला की छातीवरचं ओझं उतरायचं. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ साली मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की समोरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतला भीती-धोक्याचा भाग शांत होऊ लागतो. ते वाचलं तेव्हा मला ताटात पडणाऱ्या मटाराचा आवाज आठवला.

अण्णांचं उलट. एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि चांगला संसार, हे मी मनापासून सांगते. पण अण्णांच्या मनातलं आम्हाला आईकडून कळायचं. "त्यांना तुझं बोलणं लागलंय." "त्यांना तुझी काळजी वाटते, दाखवत नाहीत." आई अण्णांची दुभाषी होती. फोनचंही तसंच. नंबर आई लावायची. मामा, काका, मावशी, माझी बहीण, सगळ्यांशी आधी आई दहा मिनिटं बोलायची, पाऊसपाणी, तब्येती, रुसवेफुगवे सगळं होऊन जायचं, आणि मग रिसीव्हर पुढे करायची, "घ्या, बोला." अण्णा दोन वाक्यं बोलायचे. सगळ्यांना वाटायचं, अण्णांशी बोलणं झालं. अण्णांनाही वाटायचं, आपलं सगळ्यांशी बोलणं असतं.

आई २०१३ साली गेली. त्यानंतर कुणी अण्णांच्या हातात फोन दिला नाही.

पहिले आठ महिने अण्णा एकच सांगत होते, पित्त झालंय. जेवण कमी झालं, झोप पहाटे तीनला उडायची, वजन नऊ किलोने उतरलं. एंडोस्कोपी केली, त्यात काही निघालं नाही. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच मानसोपचाराची चिठ्ठी दिली, तेव्हा अण्णा इतके चिडले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. या दवाखान्यात मी आधी पेशंटची मुलगी म्हणून आले, नोकरीला नंतर लागले. अण्णांच्या केसपेपरवर त्या रकान्यात 'विधुर' लिहिताना काउंटरवरच्या तेव्हाच्या ताईंनी आवाज खाली केला होता. मी आज तसाच करते.

पुढे वाचनात आलं की ब्रिटनमध्ये १९६९ साली पंचावन्नच्या पुढच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते. ते वाचून मी बराच वेळ सुन्न बसून राहिले. अण्णांचे ते सहा महिने आम्ही पित्ताच्या गोळ्यांवर काढले होते.

गोळ्यांनी झोप आली, भूक आली. बाकीचं आत्याने केलं. ती दर गुरुवारी यायची, अण्णांच्या शेजारी बसायची आणि म्हणायची, "नंबर तू लाव." अण्णा फोन तिच्याकडे सरकवायचे. ती परत सरकवायची. "मी लावणार नाही. तू लाव, आणि आधी तूच विचार, कसा आहेस म्हणून." पहिला फोन मामाला झाला, मिनिटभराचाही नसेल. ठेवल्यावर अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. वर्षभरात ते दुपारी आपणहून चार फोन करायला लागले. एकदा मी दारात होते आणि आतून ऐकू आलं, "मला करमत नाही रे." बहात्तराव्या वर्षी माझ्या वडिलांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

याला अभ्यासात भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० साली तिची मांडणी केली आणि पाच वर्षांनी डॅनियल गोलमन यांनी तो शब्द घराघरांत नेला. आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, ते कशातून आलं ते समजणं, विचार करताना ते जमेला धरणं, आणि ते सांभाळता येणं, एवढ्या गोष्टी तिच्यात येतात. 'बुद्धिमत्ता' म्हटलं की गुणपत्रिका आठवते, म्हणून मला तो शब्द आवडत नाही. आत्याचा शब्द 'जाण'. एखादीबद्दल ती म्हणते, "तिला जाण आहे." ज्यांची ही जाण जास्त त्यांचा संसार जास्त समाधानाचा, असं बरेच अभ्यास सांगतात. मी ते थोडं हात राखून घेते. बहुतेक अभ्यासांत माणसं स्वतःबद्दलची प्रश्नावली स्वतःच भरतात, आणि घरात सुख असलं की आपण स्वतःलाही चांगले गुण देतो. शिवाय आधी काय आलं? समजूतदार माणसं टिकतील अशी लग्नं करतात, की चांगल्या लग्नात माणूस समजूतदार होत जातो? आमच्या काउंटरवरून मला दोन्ही दिसतं.

एका अभ्यासावर मात्र माझा जीव जडलाय. अमेरिकेत ओहायोमधल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी ४२ जोडप्यांना दोनदा रुग्णालयात ठेवून घेतलं आणि दर वेळी त्यांच्या हातावर छोटे फोड आणले. एकदा त्यांना एकमेकांना धीर देणारं बोलायला सांगितलं, एकदा खटका उडणाऱ्या विषयावर बोलायला. खटक्यानंतर जखमा भरायला जास्त वेळ लागला. आणि ज्या जोडप्यांच्या बोलण्यात कडवटपणा जास्त, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच होता. २००५ सालची ही गोष्ट. सगळी जोडपी त्या रकान्यात 'विवाहित'च. जुलियन होल्ट-लुनस्टाड यांनी २००८ साली रक्तदाब मोजून हेच दाखवलं: सुखाच्या लग्नातल्या माणसांचा रक्तदाब सगळ्यात चांगला, पण दुःखाच्या लग्नात राहणाऱ्यांपेक्षा एकटी माणसं बरी होती. ते वाचल्यापासून मी आत्याला बिचारी म्हणू देत नाही. समोर कोणीही असो, थांबवते.

आता माझ्या घरचं.

यांचं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे, गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करतात. २०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली आणि मोठ्या कारखान्यांनी काही काही दिवस उत्पादन बंद ठेवलं, तेव्हा यांच्या मशिनी आठवड्यातले चार दिवस थांबायला लागल्या. हे घरी यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे, टीव्हीसमोर बसायचे. "काय झालं?" "काही नाही." मी दिवसभर दवाखान्यात दुसऱ्यांचे चेहरे वाचायचे आणि घरी येऊन एका बंद दारासमोर बसायचे. मला त्यांचा राग यायचा. (की वाईट वाटायचं? तेव्हा आत्याला विचारायला गेले नाही.)

ऑगस्टच्या चार तारखेला, रविवारी, गोदावरीला मोठा पूर आला. नाशिककरांना पूर मोजायला पट्टी लागत नाही, गंगाघाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. आधी रामकुंडाच्या पायऱ्या जातात, मग आजूबाजूची देवळं, मग मारुतीचे पाय. गुडघ्यापर्यंत, कमरेला, छातीला, गळ्याला. फोनवर माणसं एवढंच विचारतात, "मारुती कुठपर्यंत?" वरच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की काही वेळाने घाटावर कळतं. त्या दिवशी मारुती पूर्ण पाण्याखाली गेला. आम्ही दोघं होळकर पुलाच्या अलीकडे गर्दीत उभे होतो. पोलीस मागे सारत होते. पाणी लालसर, गढूळ, त्यातून झाडाचं आख्खं खोड गेलं, एक पत्रा गेला. कुणीतरी म्हणालं, "गळ्यापर्यंत होता, आत्ता आत्ता गेला." हे त्या पाण्याकडे बघतच म्हणाले, "माझंही गळ्यापर्यंत आलंय."

चोवीस वर्षांच्या संसारात हे असं काही बोलले नव्हते. आणि मी काय केलं? मी लगेच उपाय सांगायला लागले. माझ्या बांगड्या ठेवू, भाऊजींना विचारू, बँकेच्या साहेबांना भेटू. एका दमात पाच उपाय. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बघू." दार परत लागलं. मटार सोलत बसायचं होतं, ते मला सुचलं नाही. ज्या गोष्टीसाठी मी अण्णांवर मनातून रुसले होते, तीच चूक मी उलट बाजूने केली होती. त्यांना शब्द सापडला होता आणि मी तो ऐकून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री मी पुन्हा विचारलं, पण वेगळं. "पाणी कुठपर्यंत आहे आज?" ते थोडं थांबले. "छातीपर्यंत." मी म्हटलं, बरं. आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला फार जड गेलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. दोन कामगारांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणावं लागणार होतं. त्यांतला एक यांच्याबरोबर पहिल्या मशिनपासून होता. पैशापेक्षा ते लागलं होतं, आणि मी बांगड्यांचं बोलत होते.

सिॲटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन जोडप्यांना भांडताना बघत, त्यांच्या नाडीचे ठोके मोजत. मिनिटाला शंभरच्या वर ठोके गेले की समोरच्याचं बोलणं कानावर पडतं पण आत पोचत नाही, आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं तरी लागतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. त्या अवस्थेला त्यांनी जो शब्द वापरलाय त्याचा मराठी अर्थ पूर. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून यांना फोन लावला होता, वर्कशॉपमध्ये, भर दुपारी.

तेव्हापासून आमच्याकडे हे माप चालतं. टाळेबंदीत हे सलग कितीतरी दिवस 'गळ्यापर्यंत' सांगत होते, तेव्हा मी मॅडमशी बोलले आणि यांना घेऊन गेले. मीच यांचा केसपेपर काढला. विवाहित. चार महिने औषध चाललं, मग हळूहळू कमी केलं. आता हे मुलालाही पुण्याला फोन करून विचारतात, पाणी कुठपर्यंत? तो म्हणतो, "बाबा, पुण्यात मारुती नाहीये." पण सांगतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलं, कमरेपर्यंत, आणि हे अर्धा तास त्याच्याशी क्रिकेटवर बोलत बसले.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. दिवस वाईट गेला होता, दवाखान्यात एक तरुण मुलगी सासूबरोबर आली होती आणि तिला एकटीला आत पाठवायला सासू तयार नव्हती. हे पाटी पुसल्यासारखा ओटा पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "आणि तुझं कुठपर्यंत आलंय?"

मला उत्तर आलं नाही. खरंच आलं नाही. मी अण्णांचं सांगू शकले असते, मुलाचं, आत्याचं, त्या मुलीचं, बाकड्यावरच्या प्रत्येक पेशंटचं. स्वतःचं बघायला मी घाटावर कधी गेलेच नव्हते. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी "काही नाही" म्हणणार होते, ते ओठांपर्यंत आलं होतं.

यांनी गॅस बंद केला. स्टूल ओढून बसले. काही बोलले नाहीत.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "पायऱ्या बुडाल्यात."